₹२,८५० चा गळाचा संच आणि वेदगंगेचं चढतं पाणी

तीन तारे दिलेत. साडेतीन द्यायचे होते, खरं अर्ध्या ताऱ्याची सोय नाही आणि चार द्यायला हात धजेना. (आमच्याकडं ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतात. पुढंही येईल, सांभाळून घ्या.)

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढची मापं कुठून आली ते कळेल. निपाणीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळलेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजून वाळवायची, हेच काम. तार मोजायचा मायक्रोमीटर आणि तांबं तोलायचा काटा दिवसभर टेबलावरच असतो. त्यामुळं डब्यावर छापलेलं वाचून माझं समाधान होत नाही. मोजून बघायची खोड लागलीय.

गळाचा नाद लहानपणापासूनचा. चिव्याची (बारीक बांबूची) काठी, शेंड्याला तंगूस, ज्वारीच्या ताटाच्या भेंडाचा तरंगा आणि डब्यात गांडुळं, एवढ्यावर चाळीस वर्षं निघाली. यंदा बेळगावला शिकणाऱ्या भाच्यानं फोनवर हा संच दाखवला. ‘मामा, रात्रीच्या फिशिंगला एकदम बेस्ट,’ म्हणाला आणि मी भुललो. ९ फुटी टेलिस्कोपिक रॉड, ४००० साइझचं रीळ, शंभर मीटर तंगूस, गळांची डबी, ३० ग्रॅमची शिसं, रॉडच्या शेंड्याला चिमट्यानं लावायच्या दोन घंट्या आणि डोक्याला बांधायची बॅटरी. सगळं मिळून ₹२,८५०. कंपनीचं नाव लिहीत नाही.

पार्सल सहा दिवसांत आलं. मधे विकणाऱ्याकडून एक फोन आला. मी मराठीत बोलायला लागलो तशी पलीकडची बाई म्हणाली, पत्ता महाराष्ट्राचा करू का? म्हटलं, नको, कर्नाटकच राहू दे. मग तिनं कन्नड बोलणाऱ्याला फोन दिला. आमचं असंच चालतं.

डबा आला त्या दिवशी गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून सगळं उघडून टेबलावर मांडलं. तंगसाच्या रिळावर ०.३५ मिलिमीटर छापलंय. माझ्या भाषेत २९ गेजची तार. नायलॉन दाबलं की चपटं होतं, म्हणून मायक्रोमीटर हलक्या हातानं फिरवला, तीन ठिकाणी मोजलं. ०.४२ भरलं. म्हणजे २७ गेज! (गेजचा आकडा कमी तेवढी तार जाड.) एवढ्याशा फरकानं काय होतंय असं वाटेल, खरं जाड दोऱ्यावर वाहत्या पाण्याचा रेटा जास्त बसतो. ते त्या रात्री कळलंच. ताकद २० किलो लिहिलीय. बादलीत स्टॅम्पिंगचा भंगार पत्रा टाकत टाकत टांगून बघितलं, साडेनऊ किलोला गाठीतच तुटला. वेदगंगेत साडेनऊ किलोचा मासा माझ्या गळाला लागायचा नाही, तेव्हा त्यावर माझी तक्रार नाही. गाठ आवळायच्या आधी थुंकी लावून ओली करा मात्र. कोरडी गाठ घासून तापते आणि तिथंच दोरा मरतो.

रिळावर ‘१३+१ बेअरिंग’ असं सोनेरी अक्षरात आहे. चार स्क्रू काढले. आत बेअरिंग तीन, बाकी जागी प्लास्टिकचे बुश. मोटारीत असं केलं तर लोक दुकानावर दगड मारतील. एक गोष्ट मात्र कबूल करतो. ५.२:१ हे गुणोत्तर खरं निघालं. खडूनं खूण करून दांडी दहा वेळा फिरवली, रोटर बावन्न वेळा फिरला. अख्ख्या डब्यात हे एकच माप डब्याशी जुळलं.

बॅटरीची गंमत तर निराळीच. आतल्या सेलवर ९,८०० एमएएच छापलंय. सेल १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. ह्या मापात नावाजलेल्या कंपन्यासुद्धा साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात. काट्यावर ठेवला तर २९ ग्रॅम. चांगला सेल पंचेचाळीसच्या पुढं भरतो. आत भरलंय काय देव जाणे, बहुतेक हवाच. तरी म्हटलं, एक रात्र तर निघेल.

कोजागिरीच्या आदल्या रात्री निघालो. मी, भाचा आणि दाजी. दाजी बीडीओ ऑफिसातून रिटायर झालेत. त्यांनी संचाकडं एकदाच बघितलं आणि आपली चिव्याची काठी गाडीला आडवी बांधली. जत्राट-भिवशी पुलाच्या खालच्या अंगाला एका ओळखीच्या शेतकऱ्याची मळी, म्हणजे नदीकाठचं शेत, आहे, तिथं नदी वळण घेते आणि काठाला लागून डोह आहे. पावसाळा सरलेला, बंधाऱ्यांना अजून बर्गे घातलेले नव्हते, म्हणजे पाणी अडवलेलं नाही, नदी तिच्या मनानं वाहती. सात वाजता पोचलो तेव्हा पाणी हिरवट, निवळ. काठाजवळ हातभर खोलीवरचा दगड दिसत होता.

पोचल्या पोचल्या मी एक काम करतो, ते कुठल्याच संचात येत नाही. उसाचं एक लांब कांडकं सोलून पाण्याच्या कडेला चिखलात उभं रोवायचं आणि पाणी कितव्या पेऱ्याला लागतंय ते बघून ठेवायचं. सोललेला ऊस पांढरा दिसतो, चांदण्यात बॅटरीशिवाय कळतो. पेरं साधारण वीतभराचं. घड्याळापेक्षा मी त्याच्याकडं जास्त बघतो. वेदगंगा वर भुदरगडातून येते, पाटगावचं धरण तिच्यावरच आहे. गारगोटी, मुरगूड करत ती आमच्याकडं येते आणि पुढं भोजेजवळ दूधगंगेला मिळते. ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं, मग वर जोराचा पाऊस झाला की तो अडत नाही, सांडव्यावरून सरळ खाली येतो. आपल्या डोक्यावर चांदणं आणि पायाखाली पाणी चढतंय, असं होतं. २०१९ आणि २०२१ ला यमगर्णीजवळ ह्याच नदीनं महामार्ग बंद पाडला होता. ते पुराचे दिवस होते, ही ऑक्टोबरची रात्र. तरी नदी तीच.

आता रॉड. नऊ फुटांचा रॉड बंद केल्यावर दोन फुटांत बसतो, मोटारसायकलवर ही सोय मोठी. उघडताना सगळ्या कड्या एका रेषेत आणायच्या आणि नळ्या पिळून घट्ट करायच्या. वाळू लागलेल्या हातानं बंद केला तर नळ्या अडकतात. भाच्यानं पहिल्या तासातच अडकवला, मग दोघांनी दोन टोकं धरून पिळत बसलो आणि दाजी हसत बसले. ३० ग्रॅमचं शिसं लावून फेकला की डोह ओलांडून पलीकडच्या धारेपर्यंत जातो. चिव्याच्या काठीनं हे जन्मात झालं नसतं. त्याचं पूर्ण माप पदरात टाकतो.

एक गोष्ट वायरमन म्हणून सांगतो, कारण विकणारा सांगत नाही. नदीकाठी दर पन्नास पावलांवर पंपाची लाइन आहे, आणि तारा कधीकधी इतक्या लोंबलेल्या असतात की बैलगाडीत उभा राहिलेला माणूस हात लावील. कार्बनच्या रॉडमधून करंट जातो. फेकायच्या आधी वर बघा. बाजूलाही बघा. लाइनच्या खाली उभं राहून रॉड उघडूच नका. ढग कडकडायला लागले की रॉड जमिनीवर आडवा.

दहापर्यंत चिलापच चिलाप (तिलापिया मासा). तळहाताएवढ्या, कणकेच्या गोळ्याला येणाऱ्या. लहान होत्या त्या सोडल्या, चार ठेवल्या. दाजींच्या काठीला पाच. घंटी ह्या वेळेला झकास चालली. नुसती टिण्ण झाली तर किरकोळ टोचणी, सलग वाजली तर मासा. अंधारात रॉडच्या शेंड्याकडं डोळे फोडून बघायला लागत नाही, निवांत भडंग खात बसता येतं. बॅटरीत लाल उजेडाची सोय आहे, ती मात्र खरंच कामाची. पांढरा उजेड पाण्यावर पडला की काठाजवळचे मासे सरकतात, आणि आपल्याच डोळ्यांना नंतर दोन-तीन मिनिटं काही दिसत नाही. लाल उजेडात गळ ओवता येतो, पाखरं तोंडावर येत नाहीत आणि मान वर केली की चांदण्यातला पलीकडचा काठ दिसतोच.

अकराच्या सुमाराला पश्चिमेला, गारगोटीच्या अंगाला वीज चमकायला लागली. आवाज नाही. नुसतं ढगाच्या पोटात लकाकायचं. दाजी म्हणाले, ‘वर धरलंय बघा.’ आमच्याकडं पानसुद्धा हलत नव्हतं.

साडेबाराला चिलाप बंद. एकदम बंद, कुणी दार लावल्यासारखी. मी उसाकडं बघितलं, पाणी त्याच पेऱ्याला. एक वाजता पहिला फेस आला, तांदूळ धुतल्यावर येतो तसा पांढुरका, मग पाचट, मग केंदाळाचं (जलपर्णीचं) एक सुटं झुडूप गरगरत गेलं. पेरं अर्धं बुडालं होतं. पाण्यात हात घालून बघितला. मघाशी नदी कोमट होती, आता गार लागली. वास बदलला, ओल्या मातीचा आला. ओंजळ चांदण्यात धरली तर तळहाताच्या रेघा दिसेनात.

पाणी असं बदलताना रात्र संपली म्हणून उठून जाणारे पुष्कळ बघितलेत. मी बसतो. चिलाप डोळ्यानं खाणारी, तिला गढूळ पाण्यात दिसत नाही. शिंगाळ्याचं तसं नाही, तो मिशांनी चाचपत आणि वासावर येतो. वाम तर रात्रीचीच, तळाच्या दगडांतून बाहेर पडते. वरच्या मळ्यांतली गांडुळं, किडे, सगळं ह्या नव्या पाण्याबरोबर वाहून येतं आणि त्यांचं जेवण सुरू होतं. म्हणून कणीक ठेवून दिली, गांडूळ लावलं आणि धारेत न टाकता डोहाच्या कडेला, जिथं पाणी उलटं फिरतं तिथं टाकलं. मृगातल्या नव्या पाण्यात मी हे करत नाही, तेव्हा पोटात अंडी घेऊन चढणारी मासळी असते. ऑक्टोबरात हरकत नाही.

संचाची खरी परीक्षा इथनं पुढं. ३० ग्रॅमचं शिसं तळाला थांबेना, दोन मिनिटांत वाहत काठाला येऊन लागायचं. जाड तंगसावर पाण्याचा रेटा, त्यात दोऱ्याला केंदाळाच्या मुळ्या आणि पाचट अडकून झालर. घंटी एकसारखी वाजायला लागली, देवळात आरती चालल्यासारखी. मासा कुठला आणि पाचट कुठलं ते ओळखायचं कसं? शेवटी काढून खिशात टाकली.

मग दुकानातली अक्कल चालवली. गाडीच्या डिकीत १६ चे नट असतात. एक नट ३३ ग्रॅमच्या आसपास. दोन ओवले, सहासष्ट झाले. सहा बाजूंचा असल्यामुळं नट गोल शिशासारखा गडगडत नाही, तळाला बसतो. रॉडवर ‘१० ते ८० ग्रॅम’ असं छापलंय, म्हणजे बसायला पाहिजे. पहिली फेक बसली, नट तळाला टेकलेले बोटाला कळले. दुसऱ्या फेकीला टप्प असा आवाज आला आणि शेंड्याचं वीतभर टोक तंगसावर घरंगळत पाण्यात गेलं.

भाचा म्हणाला, ‘मामा, रिटर्न करू.’ रात्री दीड वाजता.

टोक दोऱ्यातच अडकलेलं होतं, ते ओढून घेतलं आणि उरलेल्या रॉडनंच बसलो. खरं सांगायचं तर त्या पाण्याला तो आखूड, ताठ रॉडच बरा पडला. घंटी नाही, म्हणून तंगूस तर्जनीवर घेऊन धरला. पाण्याचा रेटा बोटाला एकसारखा लागतो, थरथर असते. त्यात दोन वाजून गेल्यावर वेगळंच काही लागलं. दोन बारीक हिसके, मग काहीच नाही, मग तंगूस हळूच कडेला सरकायला लागला. पाचट असं करत नाही, पाचट पाण्याबरोबर खाली जातं. हे उलट, दगडांकडं चाललं होतं. वामला दगडात शिरू दिली की मेलात. अंग वळवून अडकते, मग दोरा तुटतो पण ती येत नाही. उचलली ती थांबलो नाही. रिळाचा ब्रेक मी आधीच आवळून ठेवला होता, त्यानं दगा दिला नाही. तीन बेअरिंगवर का असेना, रीळ शेवटपर्यंत कुरकुर न करता फिरलं.

हातभर वाम. पाठीवर काट्यांची रांग असते तिला, उघड्या हातानं धरली तर तळवा फाटतो आणि धरली तरी निसटते. आमच्याकडं चुलीतली राख पिशवीत घेऊन जायची पद्धत आहे, ती लावली की पकड येते. दुसऱ्या दिवशी काट्यावर ७४० ग्रॅम भरली. अडीच वाजता दाजींनी एक शिंगाळा काढला, चिव्याच्या काठीनंच. ऊस तोवर दीड पेरं बुडालेला. आम्ही सामान दहा पावलं वर नेलं.

बॅटरी पावणेतीनला मेली. मधे मधे, कामापुरती लावलेली धरून जेमतेम पावणेदोन-दोन तास चालली असेल. आधी पिवळी पडते वगैरे काही नाही, लुकलुकली आणि गेली. ९,८०० म्हणे!

तीनला फोन वाजला. मळीवाला शेतकरी.

‘मिस्त्री, झोपलाय काय? पाणी चढालंय. मोटार काढाय पाहिजे, सकाळी लवकर येशीला?’

‘सकाळी कशाला. तुमच्याच मळीत बसलोय.’

तो पलीकडं गप्पच झाला. मग म्हणाला, ‘चहा घेऊन येतो.’

पाच एचपीची मोनोब्लॉक, काठावरच्या कट्ट्यावर. पाणी अजून चार हात खाली होतं, खरं दोन पेऱ्यांनी चढलेलं पाणी पहाटेपर्यंत किती चढेल ह्याची हमी कोण देणार? आधी खोक्यातले किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून खिशात घातले, मगच मोटारीला हात लावला. चौघांनी मिळून सक्शनची नळी सोडली, बोल्ट ढिले केले आणि मोटार बांबूला टांगून वरच्या बांधावर नेली. हे सगळं फोनच्या उजेडात, भाच्यानं फोन तोंडात धरून. डोक्याची बॅटरी डोक्यालाच होती, मेलेली. एक तारा कापला तो इथं कापला. मासा गेला तर गेला, रात्री चिखलात मोटार उचलताना उजेड जातो तेव्हा पाय मोडतो.

घरी आल्यावर तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं. ‘हाय कार्बन’ लिहिलेल्या रॉडच्या आत पांढरे शुभ्र तंतू. कार्बन काळा असतो. खात्रीसाठी तुटक्या तोंडाला मीटर लावला, काटा हलला नाही. निव्वळ फायबरग्लास. म्हणजे फसवलं. आणि आमच्या नदीकाठी, लोंबणाऱ्या तारांखाली, हीच फसवणूक सोयीची आहे असंही मनात आलं. ओला असला की त्यातनंही करंट जाऊ शकतो, तेव्हा वर बघायचं सोडू नका.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. त्यांनी रॉड तुटतानाचा व्हिडिओ मागितला. तुटायच्या आधी मला कळलं असतं तर मी फेकलाच नसता, असं भाच्यानं माझ्या वतीनं इंग्रजीत लिहिलं. मग पुढच्या खरेदीवर दोनशे रुपये सूट देऊ म्हणाले. विषय तिथंच सोडला.

आता घ्यायचा का? रॉड आणि रीळ निवळ, संथ पाण्यासाठी, ३०-४० ग्रॅमपर्यंत वजन लावून, घ्या. छापलेले ८० ग्रॅम विसरा. तंगूस काढून टाका आणि दुकानातनं मोजून ०.३० चा भरा, धारेत बराच फरक पडतो. गळ ठीक आहेत, बारीक माशांना जरा मोठे. बॅटरीतला सेल फेकून मी चांगल्या कंपनीचा घातला, ₹४०० गेले, आता साडेचार तास चालते. दिवा आणि पट्टा मुळात वाईट नाहीत. टोकाची कडी काढून उरलेल्या शेंड्याला सुती दोऱ्यानं बांधली, वर मोटारीचं वार्निश दोन हात दिलं. अजून टिकलीय.

घंट्या दोन होत्या. एक माझ्याकडं आहे. दुसरी दाजी न विचारता घेऊन गेले. परवा बघितलं तर चिव्याच्या काठीला बांधलेली.